केळीवरून गेलेली होडी

परवा माहेरी गेले. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पाय ठेवला आणि सटकन घसरले. पडवीचा खांब हाताला लागला म्हणून वाचले, नाहीतर या वयात खुबा मोडून घेतला असता आणि माहेरचा आहेर म्हणून लोकांनी थट्टा केली असती ती वेगळीच.

भावजय आतून धावत आली. "आक्का, लागला काय तुमका?"

"लागूक नाय. पण ह्यां काय करून ठेवलंस?"

"फरशी घातली. बघा तरी, तोंड दिसता तिच्यात!"

तोंड दिसत होतं खरं. माझंच, घाबरलेलं. मी म्हटलं, "बाय माझे, तोंड बघूक घरात आरसो आसा. खळा पाय रोवूक आसता." ती हसली आणि चहा टाकायला आत गेली. तिचं काही चुकलं नाही, हे मलाही कळतं. आता शेण आणायचं कुठून आणि सारवायचं कोणी? पण मी खांबाला धरून तशीच उभी राहिले आणि मला राग आला. कोणाचा, ते नीट सांगता येणार नाही. जगाचाच म्हणा.

जो उठतो तो गुळगुळीत करत सुटलाय. रस्ते गुळगुळीत, भिंती गुळगुळीत, माणसांचं बोलणं तर विचारूच नका. परवा रेशनच्या दुकानात अंगठा लावला तर मशीन मला ओळखेना. पुन्हा लावा, पुसून लावा, दुसरा लावा. शेवटी तो दुकानातला म्हणाला, "मावशी, तुमचे ठसेच झिजले आहेत." म्हटलं, झिजणारच! आयुष्यभर भांडी घासली, पाट्यावर वाटलं, नारळ खवले, खळी सारवली. ठसे काय देवानं पितळेचे दिले होते? मी मीच आहे, तुझ्या मशीनला सांग जा. त्यानं मुकाट्यानं तांदूळ मापले.

याच खळ्यात एके काळी आवाज असायचे आणि ते सगळे घासण्याचे असायचे. धाकटा भाऊ पाळण्यात असायचा, त्या पाळण्याची कडी आढ्याच्या हुकावर करकरायची. मागच्या दारी आये रगड्यावर वाटण वाटायची, त्याचा घरघर आवाज सुरू झाला की भूक लागायचीच. ओलं खोबरं, धणे, सुकी मिरची, सगळं एकजीव होताना जो वास सुटायचा तो मिक्सरच्या भांड्यात कधी आला नाही, तुम्ही काहीही म्हणा. देवघरात बाबा सहाणेवर चंदनाचं खोड फिरवायचे. खोड दगडाला लागल्यावर आधी नुसता ओल्या दगडाचा वास यायचा, मग हळूच चंदन जागं व्हायचं. समया घासायला कोकमाची सोलं आणि चुलीतली राख. काळी पडलेली समई आंबट पाण्यानं एकदम लालबुंद व्हायची, आणि मग राखेनं पिवळी. बोटांना दोन दिवस तो आंबट वास राहायचा, जेवताना सुद्धा यायचा.

पावसात खळ्याला शेवाळ धरायचं. चिऱ्याच्या पायऱ्या हिरव्यागार व्हायच्या. तेव्हा आम्हा मुलींचं काम एकच. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सोललेली सालं, घ्यायची आणि पायऱ्या खरवडायच्या. खसखस, खसखस. गुडघे दुखायचे, पण त्या पायऱ्यांवरून कोणी घसरलं नाही.

आणि सागरगोटे! वाळूत सापडायची ती राखाडी, कडक बी. चिऱ्यावर जोरजोरात घासायची आणि तापली की शेजारणीच्या दंडाला लावायची. असा चटका बसायचा की किंकाळीच. मग ती आपला घासून तयार ठेवायची आणि आपण पळायचं. खेळ म्हणजे एवढाच, पण त्यात सगळी दुपार जायची.

याच सागरगोट्यामुळे आमच्या बाई आम्हाला खऱ्या अर्थानं भेटल्या. बाई विज्ञान शिकवायच्या. साताऱ्याकडच्या, एकट्या, उंच, आवाज खणखणीत. आमच्याच पडवीतल्या खोलीत राहायच्या. वर्गात एकीनं मला चटका दिला आणि मी ओरडले. झालं, आता दोघींना छड्या, असं सगळ्यांना वाटलं. बाई खाली वाकून म्हणाल्या, "काय गं आहे ते? आण इकडं." मग स्वतः तो सागरगोटा भिंतीवर घासला आणि सरळ आपल्याच मनगटाला लावला. "आई गं!" बाई मनगट चोळत म्हणाल्या, "पुस्तकं मिटा. आज हाच धडा. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की ऊब तयार होते. या घासण्याला घर्षण म्हणतात, आणि ते तुम्ही मला शिकवलंत." आम्हाला इतकं भारी वाटलं म्हणून सांगू! घरी येऊन मी रगडा, सहाण, पाळण्याची कडी, सगळ्यांना हात लावून पाहिला. कडी खरंच कोमट होती.

पुढचा धडा मात्र फसला. पुस्तकात लिहिलं होतं की कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे उडी मारून त्याला चिकटतात. बाईंनी सगळ्या मुलींना कंगवे आणायला सांगितले. आम्ही घासतोय, घासतोय. कपटे ढिम्म. एक कपटा चिकटला, पण तो तेलानं. बाहेर पाऊस धो धो, हवा अशी दमट की वह्यांची पानं सुद्धा लोळत होती, आणि आमच्या डोक्यांवर आयांनी सकाळीच चोपडलेलं ताजं खोबरेल. बाईंनी एकीच्या वेणीला हात लावला आणि तेलकट बोटं बघत म्हणाल्या, "अगं, तेल किती ते!" ती म्हणाली, "मगे काय बाई, कोरडी केसां घेऊन शाळेत येवचा?" बाई हसायला लागल्या त्या थांबेनात. मग म्हणाल्या, पुस्तक लिहिणाऱ्यानं पावसाळ्यात कोकण बघितलेलं दिसत नाही. कपटा उडाला असं कोणी म्हणायचं नाही. नाही उडाला तर नाही उडाला म्हणायचं, पुस्तकात काही का असेना. हे मी तेव्हापासून धरून आहे आणि त्यापायी पुष्कळ शिव्याही खाल्ल्या आहेत.

आणखी दोन गोष्टी बाईंनी करून दाखवल्या. पाण्यानं भरलेल्या बादलीला दोरी बांधली, ती खिडकीच्या गजाला दोन-तीन वेढे देऊन आणली आणि टोक वर्गातल्या सगळ्यांत किडमिड्या मुलीच्या हातात दिलं. बादली अधांतरी लटकली आणि ती मुलगी दोन बोटांनी दोरी धरून उभी! मी ते बाबांना सांगितलं. बाबा मासेमारीवरचे. जाळं विणता विणता हसले. "तुझ्या बाईंका सांग, आमी वेढ्यार गलबतां थांबवतंव."

पडवीतून बाईंचा आवाज आला, "थांबवता ते कळलं हो, पण का थांबतं ते सांगा की!"

"का म्हणजे काय? थांबता म्हणान थांबता!"

दुसरी गोष्ट बाकाची. बाकावर मुली बसवायच्या आणि ते ढकलायचं. आधी हलता हलत नाही, पण एकदा हललं की सोपं जातं. "बसलेली वस्तू हट्टी असते," बाई म्हणाल्या, "पहिला धक्का सगळ्यांत मोठा लागतो." हे ऐकून आये चुलीपाशी पुटपुटली, "माजा उलटा आसा. माका कोण हलवूक गेलो तर मी आणखी घट बसतंय." खरंच होतं ते.

त्या वर्षी वाडीनं आम्हाला वाळीत टाकलं.

कशावरून, ते मी सांगणार नाही. विसरले म्हणून नव्हे, चांगलं आठवतंय. पण त्या कारणाला मी एवढासुद्धा मान देणार नाही. एक दिवस लोक आमच्याशी बोलायचे, दुसऱ्या दिवशी बोलेनासे झाले. विहिरीवर आये गेली की बाकीच्या कळशा उचलून बाजूला. दुकानदार वाणसामान जमिनीवर ठेवायचा, हातात द्यायचा नाही. माझ्या दंडाला चटके देणाऱ्या मैत्रिणी रस्ता बदलायला लागल्या. चटक्यासाठी मी किती तळमळले, ते माझं मला ठाऊक. बाईंना वाडीतून निरोप आला की खोली बदला. बाईंनी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "माझी पेटी लई जड आहे. हलत नाही."

हे सगळं चाललं असतं. पण नारळी पौर्णिमा जवळ येत होती, आणि खरा पेच तिथे होता.

आमच्याकडे पावसाळाभर होड्या घराच्या खळ्यात, झावळांच्या छपराखाली असतात. तशा त्या तेव्हा असायच्या. पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की त्या पाण्यात लोटायच्या. होडीखाली ओंडके घालायचे, ओंडक्यांना मोरी माशाचं तेल चोपडायचं, आणि सगळी वाडी मिळून खांदा द्यायची. एक होडी पाण्यात गेली की तिचे धनी पुढच्या होडीला खांदा द्यायला जातात, मग तिचे धनी त्याच्या पुढच्या. एकट्या घराची होडी कधी पाण्यात जात नाही. ओंडकेसुद्धा वाडीचे, दाजींच्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटात, ठेवलेले. दाजी म्हणजे वाडीतले मुख्य, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी सांगून टाकलं होतं. बाबांनी दाजींच्या उंबऱ्यावर नारळ ठेवावा, वाकावं, मग होडीला खांदे लागतील. नाहीतर होडी खळ्यात कुजू दे.

आणि होडी खळ्यात राहिली तर वर्षभर खायचं काय, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

एका संध्याकाळी, दिवेलागणीला, बाबांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि एक चांगला पाणीदार नारळ सोलून, शेंडी राखून, पडवीत ठेवला. कोणाकडे बघितलं नाही. चपला शोधायला लागले.

आये उठली. नारळ उचलला, कोयत्याच्या पाठीनं एक घाव घातला. पाणी भांड्यात घेतलं, ते माझ्या हातात दिलं, आणि आडाळीवर, म्हणजे आमच्या नारळ खवायच्या विळीवर, बसली. खर्रर, खर्रर.

बाबा दारात थिजले. "गो, काय करतंस?"

"खोबरां काढतंय."

"अगो, तो नारळ दाजीक..."

"दाजीक दात खंय आसत नारळ खावक?"

मी पाणी पिता पिता फुस्सकन हसले आणि ठसका लागला. बाबा हसले नाहीत. ते खाली बसले, हातात एकच चप्पल. म्हणाले, "वाकल्यान कमर मोडणा नाय. घरातली चुल पेटाक होई."

आयेचा हात थांबला नाही. "वाकाचा तर दर्याफुडे वाकतलंव, देवाफुडे वाकतलंव. दाजीफुडे कित्याक? आमी काय चोरी केली? तुमी आज वाकलास तर उद्या ह्यां चेडू वाकतलां, मगे त्याची पोरां. माज्यान बघवचा नाय."

"मगे होडी?"

"होडी आमी घालतलंव."

"आमी म्हणजे कोण गो?"

आयेनं मान वर केली. मी होते. पाळण्यात भाऊ होता. पडवीच्या दारात बाई उभ्या होत्या, कधी आल्या कोणास ठाऊक. आये म्हणाली, "आसत की इतकी माणसां." आणि पुन्हा खवायला लागली. त्या रात्री आम्ही नारळीभात जेवलो, सणाच्या आधीच.

बाबा मात्र होडीवाले. एकदा ठरलं म्हटल्यावर त्यांचं डोकं चालायला लागलं. आम्ही चार माणसं पुरू, खळ्यापासून खाली वाळूपर्यंत उतारच आहे. पण ओंडके कुठून आणायचे? आये मागच्या दारी गेली आणि केळींकडे बघत उभी राहिली. केळीचा खांब म्हणजे आत पाणीच पाणी. साल दबली की इतकं बुळबुळीत होतं की मुंगी चालणार नाही. घड उतरवलेल्या केळी आधी तोडल्या. त्या पुरेनात. मग आयेनं घड लागलेल्यांवर कोयता चालवला. हिरवे, कोवळे घड, गणपतीला पिकतील म्हणून राखलेले. एका केळीच्या बुंध्यावर तिनं हात ठेवला, थोडी थांबली, "भाजी करतलंव," असं काहीतरी म्हणाली आणि घाव घातला. तिच्या लुगड्यावर पडलेले केळीच्या चिकाचे डाग कधी गेले नाहीत. नंतर ते लुगडं तिनं नेसायचंही सोडलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी समुद्र शांत होता. वाडीनं नारळ दिला, आम्ही लांबून आमचा दिला. मग खाली होड्या लोटायची आरोळी सुरू झाली, आणि आम्ही आमच्या खळ्यात आलो. केळीचे खांब उतारावर आडवे मांडले. डब्यात उरलेलं मोरीचं तेल होडीच्या तळाला चोपडलं. त्या तेलाचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, ज्यानं घेतला नाही त्यानं सुखी राहावं. बाईंनी पदर नाकावरून बांधला होता. होडीच्या मागच्या टोकाला काथ्याचा जाड दोर बांधून तो खळ्याच्या कडेच्या माडाला तीन वेढे दिले आणि टोक माझ्या हातात. उतारावर होडी सुटली तर धावत जाऊन खडकावर आपटली असती, म्हणून तिला मागून धरायला मी. बाबा म्हणाले, "चेडवा, हात सोडशीत तर होडी गेली. वेढो तुका सांभाळतलो, भियां नको."

गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावर, वाडीतली माणसं बसली होती. आपापली कामं सोडून. बोलायचं नाही असं ठरलेलं, पण बघायचं नाही असं ठरलं नव्हतं ना!

बाबा, आये आणि बाई होडीला भिडले. बाबांनी आरोळी दिली. जोर लावला. होडी जागच्या जागी आणि माणसं मागे! बाबांचे पाय सटकले, "आवशीचो घो!" करत ते गुडघ्यावर. बाई धप्पकन बसल्या. आये होडीला लोंबकळत राहिली. गडग्यावर असं हसू फुटलं की कावळे उडाले. पुन्हा उठले, पुन्हा तेच. खळ्यावर शेवाळ, त्यात केळीचा चीक, त्यात तेल सांडलेलं. आमच्या हातांना, पायांना, सगळीकडे तेल.

बाई तशाच खाली बसून आपल्या तळव्यांकडे बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "अहो, आपण येड्यासारखं सगळंच गुळगुळीत केलंय! होडीखाली घसरायला पाहिजे, आपल्या पायाखाली नाही. पायाला घर्षण पाहिजे, घर्षण!"

आये म्हणाली, "तां खंय गावता?"

"मागल्या दारी ढीग पडलाय की तुमच्या!"

सोडणं! आम्ही धावलो. टोपल्या भरभरून सोडणं आणली, जिथे पाय रोवायचे तिथे पसरली, वर गोणपाट घातलं, गोणपाटावर वाळू. आयेनं चुलीतली राख आणून सगळ्यांच्या हातांना चोळली, माझ्याही. हातांवर ती खरखरीत राख चढली आणि मला एकदम बळ आल्यासारखं वाटलं. गडग्यावरचं हसू जरा कमी झालं होतं.

बाई म्हणाल्या, "रेटत बसायचं नाही. सगळ्यांनी एका दमात. पहिला धक्काच काय तो."

बाबांनी आरोळी दिली. आयेच्या मानेच्या शिरा मी माडापासून बघत होते. सोडणं कचाकच दबली, पण पाय हलले नाहीत. आणि होडीनं असा एक आवाज केला, खालून, पोटातून, आणि हातभर पुढे आली. बस्स, हातभर. पण मग ती कुठली थांबते! केळी तिच्याखाली पचापच चिरडायला लागल्या, पाणी उडायला लागलं, दोर ताणला गेला आणि माडाभोवती करकरू लागला. मी पाय रोवले. दोर माझ्या हातांतून सरकत होता आणि मी तो एवढा एवढा सोडत होते. माडाच्या सालीचा भुगा उडत होता. जळल्याचा वास आला, सागरगोट्यासारखाच, पण मोठा. माझे तळवे पोळले. मी रडत होते का ओरडत होते, मला आठवत नाही. सोडला मात्र नाही. शेवटी दोर ढिला पडला, बघते तर होडीचं नाक पाण्यात, आणि एका लाटेनं तिला उचललंसुद्धा.

बाबा पाण्यात छातीभर उभे राहून होडीला धरून हसत होते. मोठ्यानं, कोणी ऐकू दे म्हणून.

तर परवा भावजयीनं चहा आणला. मी तिला हे सगळं सांगितलं, ती ऐकत होती आणि मधूनच फोन बघत होती. ती म्हणाली, "आता फायबरची होडी, ट्रॅक्टर येता नि ओढून नेता. खांदो कोण कोणाक देता?" बरोबर आहे तिचं. आता कोणाला कोणाची गरज नाही, आणि कोणाला वाळीत टाकायचं म्हटलं तरी टाकणार कशातून? सगळे आधीच आपापल्या फरशीवर. मला म्हातारीला ते बरं वाटतं की वाईट, ते मी अजून ठरवलेलं नाही. दाजीसारखी माणसं परत नकोत, हे नक्की. पण ते खांद्याला खांदा घासणं, घामाचा तो वास, ती आरोळी, हे गेलं ते गेलं आणि त्याचं मला वाईट वाटतं. वाटतं तर वाटतं.

त्या दिवशीचं एक राहिलं सांगायचं. आमची होडी पाण्यात तरंगली, आणि आमच्या शेजारची पुढची होडी होती दाजींची. माणसं गडग्यावरून उतरून तिच्याकडे गेली होती. होडी ओंडक्यांवर अर्धी चढलेली, दहा-बारा बाप्ये तिला तोलून धरून उभे. आयेनं ओल्या लुगड्याचा ओचा खोचला, आणि कोणाला न विचारता सरळ तिथे गेली. दोघा माणसांच्या मधे शिरली आणि दाजींच्या होडीला खांदा लावला. मागोमाग बाबा. मागोमाग बाई, नाकावरचा पदर तसाच. मग मी.

दाजी पुढे आले. पांढऱ्या मिशा थरथरत होत्या.

"वैनी, हात काढ."

आयेनं वर बघितलंच नाही. "काढून दाखवा."

दाजी तिथेच उभे. तिला बाजूला करायचं तर वाळीत टाकलेलीला शिवावं लागणार. माणसांना थांबवायचं तर होडी अर्ध्यात अडकणार, आणि भरती काही दाजींसाठी थांबणार नव्हती. एकदा त्यांनी समुद्राकडे बघितलं, एकदा आयेच्या खांद्याकडे. मग तोंड दुसरीकडे फिरवून त्यांनी आरोळी दिली, आणि सगळ्यांनी जोर लावला. माझ्या एका बाजूला आये होती आणि दुसऱ्या बाजूला वाडीतला कोणी काका, ज्यानं महिनाभरात माझ्याकडे बघितलं नव्हतं. त्याचा घामेजलेला दंड माझ्या दंडाला घासत होता. होडी गेली.

होडी गेली की धनी खांदा देणाऱ्या सगळ्यांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवतो. ज्यानं खांदा दिला त्याला ते द्यावंच लागतं, नाही दिलं तर वर्षभर ती होडी रिकामी येते असं म्हणतात. दाजी तबक घेऊन एकेकाच्या हातावर ठेवत आले. आयेपाशी आले, थांबले. तिनं हात पुढे केला, राखेनं काळा, चिकानं चिकट. दाजींनी खाली बघत त्यावर चिमूटभर गूळ-खोबरं ठेवलं आणि आम्हा तिघांना वगळून पुढे निघाले.

आयेनं हात मागे घेतला नाही.

"दाजीनू," ती म्हणाली, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी, "आमी चौगां इलंव. चौगांचा द्या."